कुंदाताईंचा वाया गेलेला नमुना

कुंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऐरोलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत काचेचे फ्लास्क पुसत होते. फोन त्यांच्या वहिनींचा. "आमची कुंदा गेली," एवढंच म्हणाल्या. मी हातातला फ्लास्क आधी नीट पेटीत ठेवला आणि मग रडले. हा क्रमही ताईंनीच लावलेला... काच आधी, बाकीचं मागाहून.

ताई इथल्याच बोनकोडे गावच्या, खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. भातशेतीच्या जागी इमारती उठल्या आणि ही मुलगी हवा मोजायच्या शास्त्रात शिरली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू हवेत असतात चिमूटभर, पण जगाला ताप आणायला तेवढे पुरतात. ते कुठे किती आहेत हे कळायचं, तर देशभरची हवा गोळा करायला हवी. म्हणून आम्ही दोघी लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत पेट्या घेऊन हिंडलो. आतली हवा काढलेला फ्लास्क वाऱ्याकडे धरायचा, तोटी उघडायची, भरला की बंद. तोवर श्वास रोखायचा, कारण आपल्या एका उच्छ्वासाने नमुना बिघडतो. राजस्थानात त्यांनी पहिल्यांदा तोटी माझ्या हाती दिली, तेव्हा मी घाबरून धापाच टाकत होते. कामाच्या भरात ताईंच्या तोंडी गावची बोली यायची. "दम धर. आपन हवा मोजाला आलो हाव, तुजा श्वास नाय."

जीभ तिखट, पण माणूस लाख मोलाचं. माझी लेक तान्ही असताना मी नोकरी सोडायला निघाले, तर ताईंनी लांबचे सगळे दौरे स्वतःकडे घेतले आणि मला खाडीकाठचे दिले. त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. मी आज या कामात आहे ती त्यांच्यामुळे.

निवृत्तीनंतर आजाराने गाठलं, तेव्हा त्यांना एकच खंत होती. सगळ्या देशाची हवा मोजली, आपल्या गावची राहिली. मी फ्लास्क घेऊन त्यांच्या गच्चीवर गेले. ताईंनी स्वतः तोटी उघडली, श्वास रोखला, आणि खालून वहिनींची हाक आली, "कुंदाबाय, भाकरी निवली. हवा काय पलून जाते का?"

ताई फसकन हसल्या... थेट फ्लास्कच्या तोंडावर. आयुष्यभर आम्हाला दम धरायला लावणारी बाई! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "वाया गेला. रिकामा कर नि परत आन," म्हणाल्या. परत जायच्या आधीच वहिनींचा तो फोन आला.

तो फ्लास्क कितीतरी दिवस माझ्या कपाटात होता. आत त्यांचं हसू होतं, पंप लावायचा धीर होईना. पण एक चांगला फ्लास्क अडवून ठेवल्याबद्दल ताईंनी मला सोडलं नसतं. शेवटी पंपाची नळी खिडकीबाहेर सोडली आणि तो रिकामा केला.

परवा रविवारी त्याच गच्चीवर उभी राहिले. वाऱ्याकडे तोंड केलं, तोटी उघडली. खालून वहिनींनी विचारलं, "झाला का गो?"

मी उत्तर दिलं नाही. दम धरला होता.