पत्रकात गुंडाळलेले टमाटे
कडब्याचा वास आला की ते पौषातले दिवस आठवतात. कडाक्याच्या थंडीने टमाट्याची झाडं करपली, तेव्हा काकूने हिरवी फळं खुडून कागदात गुंडाळली आणि आंब्यासारखी कडब्याच्या अढीत घातली. कागद म्हणजे माझी पत्रकं: ‘गावविहीर सर्व जातींना खुली करा.’ पिंपळनेरच्या बाजारात ती कुणी हातातही घेतली नव्हती. मी भडकलो. “तुना कागद कोन वाचस? मना टमाटा तरी पिकतीन,” काकू म्हणाली. पंधरवड्याने तिने लाल टमाटे कागदासकट गल्लीत वाटले. संध्याकाळी शेजारीण चुरगळलेलं पत्रक घेऊन आली. “भाऊ, काय लिखेल शे? वाची दाखाड.” मी वाचलं. ती ताडकन उठली. “थांब, सासूले बलाई लयस. परत वाच.” आजही लिहायला बसलो की त्या सासू-सुना समोर ऐकायला बसल्यात, असं धरूनच पहिलं वाक्य लिहितो.