दुधीचं लग्न घरी आणि आम्ही तळ्याकाठी

तीन तास गाडी चालवून नुसतं बसायला जायचं, हे मला आधी कळलंच नाही. "तिथं बघायला काय आहे?" मी विचारलं. वैशाली, माझी लेक, म्हणाली, "आक्का, बघायचं काही नाही. स्लो डाऊन करायचं." म्हणलं, बसायला घरात खुर्च्या आहेत की. पण केबिन बुक झालेली, पैसे परत मिळणार नव्हते, त्यामुळं निवांत होणं भाग होतं.

मी कराडची, खाणावळ चालवते. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. यंदाचा उन्हाळा अमेरिकेत, मिनेसोटात ईडन प्रेरीला लेकीकडं काढला. तिथला उन्हाळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. लोकांना काय करू नि काय नको असं होतं. मी मागच्या अंगणात दुधी लावला. वेलाला मांडव पाहिजे, म्हणून गराजमधल्या जुन्या पडद्यांच्या दांड्या काढल्या आणि नायलॉनच्या दोरीनं बांधल्या. वेल असा चढला की बघत राहावं. फुलं ढीगभर. दुधी एक नाही. बोटाएवढा व्हायचा, पिवळा पडायचा, गळायचा.

जावई, मिलिंदराव, यांचा त्या जागेवर आधीपासून डोळा. बार्बेक्यूची मोठी शेगडी आणून ठेवलेली, खोक्यासकट गराजमध्ये. शेवटी पैज लागली. मी परत जायच्या आत एक तरी दुधी धरला तर मांडव कायमचा राहणार. नाहीतर मांडव काढून शेगडी मांडायची. जावई रोज सकाळी कॉफी घेऊन मांडवाखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, "आक्का, इथं लाइट छान येतो हो."

शेजारी लॅरी म्हणून आजोबा राहतात, भोपळे पिकवणारे. त्यांनी कुंपणावरून बघितलं आणि सांगितलं की इथं परागकण नेणारे किडे कमी पडत असतील, नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हातानं लावा. मादीच्या फुलाखाली इवलासा दुधी असतो, नराला नुसतं देठ. मला तो सगळा नखराच वाटला. आमच्याकडं वेलाची लग्नं वेल लावतो. पण गळलेले दुधी मोजून थकले होते, म्हणलं बघू. तर नेमकी एकच मादीची कळी आली, शनिवारी उमलेल अशी. आणि आमचं निघायचं शुक्रवारी.

निघताना लॅरीला कळी दाखवली, हातवारे केले. ते हसून काहीतरी बोलले. मी "यस यस" म्हणलं आणि गाडीत बसले.

रस्ता सरळ आहे. हमरस्ता पस्तीस धरायचा, डुलुथपर्यंत सोडायचा नाही. शुक्रवारी दुपारनंतर निघू नका. सगळं शहर उत्तरेला पळत असतं, निवांत व्हायची केवढी घाई. रस्त्याकडेला कणसांची टपरी लागली. माणूस नाही, नुसता पैशाचा डबा. "आणि कुणी डबाच उचलून नेला तर?" मी विचारलं. "नाही नेत, आक्का." म्हणलं, मी असते तर डबा साखळीनं बांधला असता. दहा डॉलरला तेरा कणसं मिळाली. एक मी तिथंच कच्चं खाल्लं. इतकं गोड की तिखट-मीठ कमी पडलं म्हणून पर्समधली पुडी काढली. ही पुडी तुम्हीपण न्या. तिकडं सगळं ताजं मिळतं, तिखट मिळत नाही.

डुलुथच्या पुढं तळं सुरू होतं. याला तळं म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही. एका दुकानात धुरावर भाजलेला मासा मिळतो, तो घ्याच. त्यावरही आमची पुडी. पाण्यात मात्र शौर्य दाखवायला जाऊ नका. मी पाऊल घातलं आणि कराडला ऐकू जाईल असं ओरडले. ऑगस्ट असला तरी स्वेटर न्या, आणि डासांचं औषध.

केबिनवर पोचल्या पोचल्या वैशालीनं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुढं केला. "फोन टाका. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही."

"रेंजच नाहीये इथं," मिलिंदराव म्हणाले.

"मग टाकायला काय जातंय?"

तिघांचे फोन डब्यात गेले. जावयांनी इतका चटकन टाकला की मला तिथंच शंका यायला पाहिजे होती.

शनिवारी सकाळी ब्लूबेरी तोडायला गेलो. बादली देतात, आपण तोडायची, वजनावर पैसे. करवंदासारखी दिसते, पण काटा नाही, चीक नाही, भांडण नाही. करवंद कॉन्व्हेंटला घातलं की असं होत असेल. मी दोन्ही हातांनी ओरबाडून बादली भरली आणि म्हणलं, चला, झालं. वैशाली म्हणाली, "आक्का, हे काम नाहीये, एन्जॉय करायचंय." तिच्या बादलीचा तळ अजून झाकायचा होता.

तिथंच सहज विचारलं, "काल लॅरी काय म्हणाले गं?"

"म्हणाले, काळजी करू नका, उद्या सकाळी कॉफी झाली की लगेच करतो."

माझ्या हातातली ब्लूबेरी खाली पडली. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं. दुधीचं संध्याकाळी. माणूस सकाळी जाऊन बंद कळी बघणार आणि परत येणार. किंवा, देव न करो, नखानं उघडणार.

"वैशू, फोन दे."

"आक्का, ड्रामा नको. भाजी आहे ती."

डबा तिनं स्वतःच्या बॅगेत ठेवला होता. आणि रेंज तरी कुठं होती. दिवसभर मी तळ्याकाठी खुर्चीत बसले, पण बसणं म्हणजे काय ते माझ्या पायांना माहीत.

संध्याकाळी कणसं विस्तवावर भाजली, लिंबू चोळून खाल्ली. जेवण झाल्यावर मिलिंदराव पिशवी घेऊन उठले. "कचरा टाकून येतो." दिवसातला तिसरा कचरा. मी जन्मभर खाणावळ चालवली. तीन माणसांचा कचरा तीनदा टाकायला जात नाहीत. आणि पिशवी वाऱ्यानं उडत होती.

मी चपला घालून मागं गेले. तिथं कचरापेटीला लोखंडी झाकण असतं, अस्वलं येतात म्हणून पाटी लावलेली. त्या पाटीला टेकून जावई उभे, हातात ऑफिसचा दुसरा फोन.

"मिलिंदराव, अस्वल आलं का?"

पिशवी हातातून सुटली. "आक्का, एकच ईमेल होती. इथं दोन कांड्या येतात रेंजच्या."

"उत्तम. लॅरीला लावा."

"लॅरीला? कशाला?"

"लावा, नाहीतर वैशूला हाक मारते."

ज्या दुधीनं आपली शेगडी जाणार, त्याच्यासाठी फोन लावायची पाळी बिचाऱ्यांवर आली. पण बायकोपुढं शेगडीचं काय. व्हिडिओ कॉल लागला, लॅरी दिसले, बनियनवर. "सकाळी गेलो होतो, कळी बंद होती," जावई त्यांचं बोलणं मराठीत सांगत होते, "ते म्हणतायत, म्हाताऱ्या बाईनं गंमत केली वाटलं."

"म्हातारी कुणाला म्हणतो? त्यांना म्हणावं आत्ता जा. आत्ता उमललं असेल."

लॅरी कुंपणाला वळसा घालून आले, बॅटरी धरली. फूल उमललं होतं, पांढरंशुभ्र. तेवढ्यात चित्र अडकलं. "वर धरा," मी म्हणलं. जावई कचरापेटीच्या कठड्यावर चढले, फोन उंच.

"आता नराचं फूल तोडा म्हणावं. पाकळ्या काढा. हळू. घासायचं नाही, टेकवायचं."

"जेंटली, लॅरी, जेंटली," मिलिंदराव वरून ओरडत होते. "नो नो, द अदर वन!" चुकीचं फूल धरलं होतं लॅरीनं. जावयांनीच ओळखलं ते, मी नाही. शेवटी फुलाला फूल लागलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "शुभमंगल सावधान." ओच्यात ब्लूबेऱ्या होत्या, त्याच अक्षता म्हणून जावयांवर टाकल्या.

"कुणाचं लग्न आहे?"

मागं वैशाली उभी. हात कमरेवर.

पुढचं लिहीत नाही. रविवारी जावयांचे दोन्ही फोन डब्यात आणि डबा तिच्या उशाखाली. मी आणि जावई खडकावर शेजारी शेजारी, शिक्षा झाल्यासारखे. तळ्याकडं बघण्याशिवाय इलाज नव्हता. बघता बघता मला झोप लागली, भर सकाळी, ऊन तोंडावर. असं मला कधी झालेलं नाही. उठले तर मिलिंदरावपण घोरत होते. वैशालीनं दोघांच्या डोक्यावर टॉवेल टाकला होता.

सोमवारी घरी येऊन बघितलं. दुधी अंगठ्याएवढा, हिरवा. मी रोज पिवळा पडायची वाट बघितली. नाही पडला. माझ्या विमानाच्या आधी हातभर लांब झाला. लॅरीला त्याचा वाटीभर हलवा दिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन आणली आणि तशीच धरून उभे राहिले, म्हणून परत भरली. शेगडी अजून खोक्यात आहे.

आता कराडला येऊन पंधरवडा झाला. इथं कणीस आहे, ते तेवढं गोड नाही. तळ्याचं काही माझ्यात उरलंय म्हणाल तर, तसं काही नाही. काल सकाळी चपात्यांची घाई, गिऱ्हाईक दारात, आणि फोन वाजला. तिकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ. फोनमध्ये मिलिंदराव मांडवाखाली उभे, हातात नराचं फूल.

"आक्का, दोन कळ्या उमलायला लागल्यात. मला आत्ता मीटिंग आहे. उरकून टाकू का?"

"थांबा," मी म्हणलं. "घाई करू नका. पुरं उमलू द्या."

शेजारी चपात्या लाटणारी माझी सून लाटणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

म्हणलं, "बघतीस काय? चपाती करपतीय."