आप्पाची अमेरिका

आप्पाच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. उतारावर घर असणारी आणि सपाटीवर घर असणारी. सपाटीवाल्यांकडे तो सहसा जात नसे. गेलाच तर लांब कुठेतरी चढ शोधून गाडी तोंड खाली करून उभी करायचा, चाकाला दगड लावायचा आणि मग पायी त्यांच्या घरी जायचा. लग्नाचं आमंत्रण द्यायला कुणी आलं की मुहूर्त नंतर, आधी विचारायचा, "मांडव कुठं घातलाय? रस्ता कसा हाय?" सपाटीवरचं जेवण त्याला कधी गोड लागलं नाही. निघताना ढकलायला माणसं लागत, आणि जेवलेली माणसं ढकलत नाहीत हा त्याचा अनुभव होता.

रामनगरात त्याचं खतांचं दुकान होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून घर, नात्याने लांबचा चुलता. तोंडावर सगळे 'आप्पा' म्हणत आणि पाठ वळली की 'अमेरिका', कारण गाडी अमेरिकन कंपनीची होती. आता आप्पा जाऊन वर्ष होत आलं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तोही घेत नसे. 'आमची कंपनी' म्हणायचा, जसं लोक 'आमचं कुलदैवत' म्हणतात.

गाडी बंद पडली की आप्पा चिडत नसे. उतरायचा, बॉनेट उघडायचा, आत टक लावून बघायचा (काय बघायचा ते त्यालाच ठाऊक) आणि मग बॉनेटला टेकून कंपनीचा इतिहास सुरू करायचा. कुठल्याशा लोहाराच्या पोराने परसातल्या शेडमध्ये पहिलं इंजिन कसं जुळवलं, शेजारीपाजारी कसे हसले, मग महामंदी, मग महायुद्ध, मग जगभर कारखाने. बेळगावच्या शोरूममध्ये गाडी घेताना हे त्याने ऐकलं होतं आणि पुढे स्वतःची भर घातली होती. आमच्या भागातल्या माणसांना अमेरिका पाठ आहे ती मुक्कामांवरून. जगलबेटपाशी शेड, गणेशगुडीच्या चढावर मंदी, जोयड्यात तहसीलदार कचेरीसमोर महायुद्ध. एक म्हातारा एकदा मला म्हणाला होता, "युद्ध जिंकलं कुणी ते कळलंच न्हाई बघ बाय. तेवढ्यात मागनं जीप आली."

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. मी हे कुठेही सांगते, म्हणून इथेही सांगितलं. निकाल लागला तेव्हा आप्पा पेढा खात म्हणाला, "आपल्या आळीत दोनच गोष्टी पैल्यांदा आल्या. माझी गाडी आन् तुझी डिग्री."

मी म्हणाले, "आप्पा, माझ्या डिग्रीला कुणी मागून ढकललं नाही."

"म्हणूनच तिच्यावर कुणाचा जीव न्हाई," आप्पा म्हणाला. "ढकलल्याबिगर माया लागत न्हाई, पोरी."

मग एक दिवस टीव्हीवर बातमी आली, कंपनी भारतातला कारभार गुंडाळून चालली. मला वाटलं, आज हा जेवणार नाही. तर आप्पा आरामात तंबाखू मळत होता. "इंग्रजांच्या येळेला एकदा आली हुती, गेली. परत आली. आता परत चाललीया. येणाऱ्यानं मधनंमधनं जायाच पायजे, त्याबिगर किंमत ऱ्हात न्हाई."

आतून काकी म्हणाली, "जाताना आपली गाडी बी घिऊन जा म्हणावं."

बेळगावच्या शोरूमच्या जागी गाद्यांचं दुकान आलं. आप्पा तरीही त्याच दारातून आत गेला आणि गाद्या विकणाऱ्या मुलीला म्हणाला, "ऑइल फिल्टर हाय काय?" तिने नाही म्हटल्यावर "आला की सांगा" म्हणून स्वतःचा फोन नंबर देऊन आला.

त्या कंपनीच्या गाड्या सगळ्याच अशा होत्या असं मात्र नाही, आणि गंमत तीच आहे. कुळगीच्या वाटेवर होमस्टे चालवणारे एक भट होते. त्यांच्याकडे हीच गाडी, हाच रंग. पर्यटकांना घेऊन चिखलातून, ओढ्यातून, जंगलातून हिंडायची आणि वाटेत कधी रुसायची नाही. आणि भट तिला रोज शिव्या घालायचे. "साकु मारायरे, पुरे झालं! ही मरत पण नाही. उद्या काही मोडलं तर पार्ट कुठून आणू? ह्या काळजीनं माझं वजन उतरलं." आप्पाच्या फोनवर अशा गाडीमालकांचा ग्रुप होता. सकाळी कुणीतरी लिहायचा, दहा वर्षं झाली, फक्त डिझेल आणि ऑइल. संध्याकाळी दुसरा क्रेनला टांगलेल्या गाडीचा फोटो टाकायचा. आप्पा दोघांनाही हात जोडलेलं चित्र पाठवायचा. ज्याची चालत होती त्याला भरवसा नव्हता, आणि ज्याची चालत नव्हती त्याला शंका नव्हती. माणसं देवाशीही असंच वागतात, पण ते असो.

आता सुमनच्या लग्नाचं सांगायला हवं. सुमन ही आप्पाची एकुलती एक. खाली गोव्यात, सावर्ड्याला दिली. लग्न रामनगरात लागलं आणि सासरी पाठवणी आप्पाने हट्टाने स्वतःच्या गाडीतून केली. अनमोड घाटात, मधल्या वळणावर, गाडी बंद पडली ती उतार असूनही सुरू होईना. नवरी, करवली, नवरदेव, सगळ्यांनी ढकललं. शालूचा काठ ग्रीसने काळा झाला. आप्पा महामंदीपर्यंत पोचला होता तेवढ्यात बेळगावला मासळी टाकून गोव्याकडे परतणारा रिकामा टेम्पो आला. सुमनचा गृहप्रवेश त्या टेम्पोतून झाला. विहीणबाईंनी माप ओलांडायच्या आधी सुनेला आंघोळीला पाठवलं, असं म्हणतात. मी असते तर मीही तेच केलं असतं.

आप्पाला हे फार लागलं. कुणाजवळ बोलला नाही, पण सुमनला दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी गणपतीसमोर उभा राहून म्हणाला, "ज्या घाटात माझं नाक गेलं त्याच घाटातनं, त्याच गाडीतनं लेकीला बाळंतपणाला आणीन."

काकीने कपाळावर हात मारला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर तिची स्वतःची आस होती. माळ्यावरच्या बाजल्याची सुंभं काढून तिने ते पुन्हा विणायला घेतलं होतं. पण सावर्ड्याहून निरोप आला, मुलीला पाठवू, त्या गाडीतून मात्र नाही.

नेमके त्याच सुमाराला भट कंटाळले. "न्या हो आप्पा, काय द्यायचं ते द्या," म्हणाले आणि त्यांची ती न रुसणारी गाडी आप्पाच्या दारात आली. काकीने लगेच सावर्ड्याला फोन केला. जावयाने भटांची गाडी पाहिलेली होती. तो म्हणाला, ही असेल तर खुशाल या. दिवस ठरला. आमच्या आळीत सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

आप्पाला तसं वाटलं नव्हतं. त्याने शब्द दिला होता तो 'त्याच गाडीतनं'. आणि माणूस असा की काही ठरवायचं म्हटलं की गावच्या देवीला कौल लावायचा. देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या लेकराची गाडी घाट चढंल काय?" उजवी कळी टपकन पडली. आप्पा आनंदाने तडक घरी आला, बसू मिस्त्रीला बोलावलं आणि भटांची चांगली चालती गाडी खोलायला लावली. इंजिन, पंप, बॅटरी, जे म्हणून धड होतं ते काढून स्वतःच्या गाडीत घातलं. बसूने असलं काम पूर्वी केलं नव्हतं. त्यामुळे तोही फार खूश होता.

काकी दळण घेऊन परत आली तेव्हा अंगणात भटांच्या गाडीचा सांगाडा उभा.

"देवीला इचारलासा तरी काय?"

"गाडी घाट चढंल काय, म्हणून."

"कुठली गाडी?"

"माझीच की. दुसऱ्याच्या गाडीचं देवीला कशाला इचारू?"

काकी दळणाच्या डब्यापाशी बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सावर्ड्याला मात्र तिने यातलं काही कळवलं नाही. कळवायला तोंड नव्हतं तिला.

ठरल्या दिवशी बाईमाणूस बरोबर हवं म्हणून मी गेले. "तू शिकलेली हाईस, चार शब्द बोल त्यांच्याशी," काकी म्हणाली. बॉनेटवर झेंडूची माळ होती. आणि खरं ते लिहायला पाहिजे: गाडी सुरेख चालली. घाट उतरलो, मोले मागे पडलं, सावर्ड्याला विहीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. आप्पा वाटभर शिटी वाजवत होता.

चहा झाला. सुमनची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेली होती. ती हळूहळू पायऱ्या उतरली, पाय सुजलेले, आणि गाडीकडे बघून थांबली.

"आप्पा, भटांची गाडी कुठं हाय?"

"हिच्यातच हाय की!" आप्पाने बॉनेटवर थाप मारली. "सगळी हिच्या पोटात घातलीया. आता बघ घाट कशी चढत्या."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "आमी धाडूंक ना म्हणत ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "पूण ह्या गाडयेंतल्यान नाका." पाठवायला त्यांची ना नव्हती, या गाडीला होती.

"अवो विहीणबाई, एकदा बी थांबली न्हाई येताना. इचारा हिला. मिस्त्री बी येतोय मागनं मोटारसायकलवर."

हे शेवटचं त्याने सांगायला नको होतं. मी घाईने म्हणाले, "उद्या रेल्वेने नेऊ या. कॅसलरॉकला उतरलं की पुढे थोडाच रस्ता. मी थांबते इथे." विहीणबाई म्हणाल्या, चालेल, मी स्वतः पोचवायला येते. जावयानेही मान हलवली. एवढ्यावर सगळं मिटलं होतं. सुमनचा चेहरा उजळला होता.

"रेल्वेनं?" आप्पा म्हणाला. "दारात बापाची गाडी हुबी असताना माझी लेक रेल्वेनं माहेरी येणार? गाव काय म्हणंल?"

सुमन त्याच्याजवळ आली. "आप्पा, माझ्या एकटीचा जीव असता तर बसले असते. मागच्या येळेला बसलेच की." मग पिशवी उचलून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी हितंच ऱ्हाते. डाक्टर बी हितलाच हाय." आणि ती आत गेली. आप्पा माळ सारखी करत गाडीपाशी उभा राहिला.

परत येताना गाडी घाट अशी चढली की मागच्या ट्रकवाल्याने हात दाखवला. मधल्या वळणावर आप्पाने ती बाजूला घेतली आणि स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून बंद केली. बराच वेळ बसला. मला वाटलं, आता महायुद्ध काढतो. त्याने किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू झाली. मला त्याचा राग आला होता आणि तेव्हा तो काही केल्या टिकवता येईना.

घरी काकी भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने मागच्या सीटवर पाहिलं, मग माझ्याकडे. भाकरीचा तुकडा तिने अंगणातल्या कोंबड्यांना टाकला.

दुसऱ्या दिवशी डिंक, अळीव, मेथी, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं एका पोत्यात भरून ती सावर्ड्याला निघाली. माहेर लेकीकडे न्यायचं, एवढंच उरलं होतं. पोतं धरायला मी बरोबर. आप्पाने गाडी काढली, मागचं दार उघडलं.

"बस की."

काकी चालत राहिली. आप्पा दार उघडं ठेवून तिच्या बाजूने हळूहळू गाडी चालवत बस स्टँडपर्यंत आला. सगळं रामनगर बघत होतं. आम्ही कॅसलरॉकच्या बसमध्ये चढलो. बस सुटली तशी मागून आप्पा. कंडक्टर वळून वळून बघायचा. "आज थांबंना की हो अमेरिका," तो म्हणाला. काकी समोर बघत बसली होती.

स्टेशनपाशी उतरलो. पोतं जड होतं. मी एक बाजू धरली तोवर आप्पा पळत आला आणि त्याने दुसरी धरली. काकीने धरू दिली. फलाटावर पोतं ठेवल्यावर तो टोपी हातात घेऊन उभा राहिला, त्याच्याच दुकानात उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा.

"मी बी येऊ?"

काकी रुळांकडे बघत होती. रेल्वे लांबून दिसायला लागली होती.

"तिकीट काढा जावा," ती म्हणाली.

आप्पा तिकिटाच्या खिडकीकडे पळाला. बाहेर रस्त्यावर त्याची अमेरिका दार उघडं टाकून उभी होती, इंजिन तसंच चालू.