ॲव्हरेज गाडीचं की हाताचं

माझ्या गाडीचा रंग कोणी कधी पाहिला नाही. आमच्याकडे दारात नवी गाडी आली की पहिला प्रश्न एकच: "ॲव्हरेज किती देते?" छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनची ही एसयूव्ही मी माझ्या पगारातून घेतली, यवतमाळहून राळेगावच्या कॉलेजात शिकवायला जाते म्हणून. कंपनी म्हणे वीस देईल. मला पंधरा मिळायचं. मी ते खरं सांगून बसले आणि घोळ झाला.

"बाईच्या हातात गाडी पेट्रोल पिईनच," भासरे म्हणाले. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. "इकून टाक. एसटी काय वाईट हाय?" नुसतं बोलून थांबले नाहीत, बाभुळगावचं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. नवरा गप्प. मला खरा राग त्या गप्प बसण्याचा आला.

भासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढू नये, अशी आमच्याकडे रीत. मी काढला. "गाडी हीच, रस्ता हाच. टाकी फुल करून आज तुम्ही राळेगावले जाऊन या, उद्या मी जातो. आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करू." दोन्ही दिवस आम्ही तिघंही गाडीत; नवऱ्याला साक्षीदार म्हणून मागे बसवलं.

भासऱ्यांचा हात जुन्या जीपवर बसलेला. उतार लागला की न्यूट्रल. "इंजिनले आराम भेटते," म्हणाले. नव्या इंजिनात गिअर ठेवून पाय उचलला तर पेट्रोल जाणं थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र जळत राहतं. हे सांगितलं तर हसले. पुढे ट्रक दिसला की पाय दाबायचे, टर्बो शिट्टी मारायचा आणि स्वारी खुश. त्यांना बारा मिळालं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखीच चालवली. पंधरा. वीस नाहीच, ते कागदावरच राहू द्या.

"काल हवा समोरून होती," भासरे म्हणाले.

"जातानाही अन् येतानाही?" मी विचारलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर गिऱ्हाईकाचा फोन आला. नवऱ्यानं भासऱ्यांकडे पाहिलं, भासऱ्यांनी खिडकीबाहेर. मी फोन घेतला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

"ताई, घरच्या माणसाले द्या ना फोन," तो म्हणाला. "मले मालकासंग बोलाचं हाय."

"मालकासंगच बोलून राह्यले तुम्ही," मी म्हटलं.