जोडीतली एक तबकडी

ऐंशीनंतर गावोगाव कॅसेटी आल्या, तरी लग्नात मी भोंग्यावर तबकड्याच लावायचो. लोक हसायचे. हसू देत. एका जुन्या लावणीच्या माझ्याकडं दोन तबकड्या होत्या. एक झिजली तर दुसरी असावी, म्हणून घेतलेली.

विट्याचा एक गलाईवाला, परमुलखात सोनं गाळून मोठा झालेला, जत्रेला आला तेव्हा माझ्या दारात येऊन बसला. त्याला जुन्या तबकड्या जमवायचा नाद. दोन्ही उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, "आवं, ही आता कुठंच मिळत न्हाई. दोन्ही द्या. तुमी म्हणाल ती किंमत."

"दोन कशाला रं?"

"एक ठेवतो, एक फोडतो. एकच उरली म्हटल्यावर तिचं मोल बघा."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण गडी हसत नव्हता.

"सोनं बी कमी हाय म्हणूनच महाग," तो म्हणाला.

"सोनं फोडलं तरी सोनंच राहतं गड्या. ही फोडलीस तर गाणं जातं. ठेव खाली."

तो तणतणत गेला. बायको म्हणाली, "वरनं पत्रा गळतोय आणि तुमचा ताठा बघा." म्हटलं, गळू दे.

दुसऱ्याच दिवशी एक तबकडी घेऊन एसटीनं जतला गेलो आणि तिथल्या भोंगेवाल्याला फुकट देऊन आलो. अट एकच घातली, की प्रत्येक लग्नात वाजवायची. आता कुणाला फोडायचीच असली, तर त्यानं दोन तालुके हिंडावं.