आईच्या दाराबाहेरचा खिळा

मंडळी, अकरा वाजल्यापासून कामात लक्ष नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी पुण्यात, आई एकटी भूमजवळच्या गावात. दिवाळीत मीच हट्टानं तिच्या दारावर कॅमेरा बसवला. आज ऑफिसात मोबाइलवर कॅमेऱ्याची सूचना वाजली. बघते तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या माणसानं खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत गेला. आई फोन उचलेना.

तो आतून काहीतरी घेऊन बाहेर आला, तशी मी कॅमेऱ्यातूनच ओरडले, "ए, कोण रे तू? ठेव ते खाली!"

माणूस दचकला. हातातलं खाली ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि गेला.

चोर किल्ली जागेवर ठेवतो का? पण डोकं चाललंच नाही.

दुपारी बाजारातून आईचा फोन. "अगं, शेजारचे बब्रुवानकाका व्हते ते! आठ दिवसांनी नळ आले, आपलं पाणी भराया नळी काढली त्यांनी. तुला वळखू आले न्हायत व्हय?"

नाही आले.

काकांना फोन करून माफी मागितली. "असू दे पोरी," म्हणाले आणि लगेच ठेवला. आईचा हौद कोरडाच.

माझ्या फ्लॅटला बोटाच्या ठशाचं कुलूप आहे आणि शेजाऱ्याचं नाव मला माहीत नाही. तरी त्या खिळ्याची धास्ती जात नाही. आईला म्हटलं, किल्ली आता तिथं अडकवू नको.

आत्ता आईनं विचारलं, "मग किल्ली कुणाजवळ ठिवू?"

काय सांगू तिला?