फुंकर मिस्त्रीची भिंत

त्याला सगळे फुंकर मिस्त्री म्हणत. भट्टीची वीट सोडून तो हलक्या ब्लॉकच्या भिंती बांधू लागला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "फुंकर मारली तर उडेल!" नाव चिकटलं ते चिकटलंच. मिस्त्रीने मनावर घेतलं नाही. या भिंतीला मसाला कमी लागे, माणसं कमी लागत, पायाही बेताचा चाले. हातावर पोट असणाऱ्याचंही घर उभं राही.

त्याची एक खोड मात्र बिगाऱ्यांना हसवून बेजार करी. नवा माल उतरला की मिस्त्री जमिनीवर आडवा होई, एक ब्लॉक छातीवर ठेवी आणि डोळे मिटून श्वास घेऊन बघे.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पूर्वी त्याने स्वतःच्या घराला विटांची चांगली जाडजूड भिंत घातली होती, आणि तिचा तोरा गावभर मिरवला होता. धरणी हादरली आणि तीच भिंत त्याच्या बायकोवर कोसळली. ढिगाऱ्याखालून टकटक येत होती. मिस्त्री दोन्ही हातांनी विटा उपसत राहिला. टकटक थांबली, तरी उपसतच राहिला.

तेव्हापासून कुठल्याही भिंतीला पाठ टेकली की त्याला ती टकटक ऐकू येई. म्हणून तो अंगणात झोपे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा.

लेकीचं घर त्याने हलक्या ब्लॉकचंच बांधलं. सामान लागलं तशी ती म्हणाली, "बाबा, तुमची खाट आत टाकलीय, भिंतीला लागून. यंदाची थंडी तुम्हाला बाहेर झेपायची नाही. आता माझं ऐकाच."

"तुझी आई भिंतीतून वाजवते गं," तो हे पहिल्यांदाच बोलला. "त्या दिवशी मी उलट एकदा जरी वाजवलं असतं, तरी तिला कळलं असतं, मी इथेच आहे म्हणून. माझे हात विटांतच गुंतले."

डोळे पुसत लेक उशी आणायला शेजारच्या खोलीत गेली.

मिस्त्री जीव मुठीत धरून खाटेवर आडवा झाला. पाठ भिंतीला लागली मात्र, टकटक झाली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा टकटक, दबकी, अगदी कानाशी. लेकच असेल पलीकडे, त्याने स्वतःला समजावलं. मग मूठ वळली आणि भिंतीवर वाजवलं, दोनदा.

टकटक थांबली.

"भिंतीवर काय वाजवताय, बाबा?"

लेक दारात उभी होती, हातात उशी घेऊन.

मिस्त्रीने एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. मग त्याने उशी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.